मूलभूत हक्क नक्की कोणाविरुद्ध वापरायचे?

कडुनिंब (धागाकर्ती)

मंडळी, एक वाद मिटवायचाय. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिफ्टच्या दुरुस्तीचा हिशेब मागितला. उत्तर द्यायचं सोडून सचिवांनी मला ग्रुपमधूनच काढलं. मी त्यांना कळवलं की हा माझ्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर घाला आहे, राज्यघटनेचं कलम १९ वाचा. त्यांचा मुलगा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याचं उत्तर आलं, "काकू, कलम १९ सोसायटीला लागू नाही."

खरंच नाही? मग कोणाला लागू आहे? शाळेत नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला असायचं. समतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, शोषणाविरुद्धचा हक्क अशी नावं पाठ केली की मार्क खिशात. ते हक्क बजावायचे कोणापुढे आणि कसे, हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही. आता घटनेचा तिसरा भाग बसून वाचला (कलम १२ ते ३५, तसा फार मोठा नाही) तर प्रश्न वाढलेच. कुठे 'नागरिक' म्हटलंय, कुठे 'कोणतीही व्यक्ती'. प्रत्येक स्वातंत्र्याच्या मागोमाग निर्बंधांचं पोटकलम. आणि अटकेबद्दलचं कलम २२ तर अर्ध्यावर आलं की चक्क उलटं फिरतं.

जाणकारांनी समजावून सांगा. पक्षांची नावं घेऊन धाग्याचं रणांगण करू नका, एवढी विनंती.

तिरकस

सोसायटीचा सचिव म्हणजे राज्यसंस्था नाही हे आमच्या सचिवांना कोण सांगणार? पार्किंगच्या बाबतीत ते वटहुकूम काढतात.

खटलेवाली

कडुनिंब, मुलगा पास होणार.

कलम १२ मध्ये 'राज्य' कोणाला म्हणायचं ते दिलंय. केंद्र सरकार, संसद, राज्यांची सरकारं, विधिमंडळं, महापालिका-ग्रामपंचायतींसारख्या स्थानिक संस्था आणि 'इतर प्राधिकरणं'. मूलभूत हक्कांचा मुख्य रोख या सगळ्यांकडे आहे. 'इतर प्राधिकरणं' या दोन शब्दांत काय काय बसतं यावर घटना लागू झाल्यापासून कोर्टात भांडणं चालू आहेत. एलआयसी बसते, ओएनजीसी बसते. बीसीसीआय बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं. मात्र ते मंडळ सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, म्हणून उच्च न्यायालयात कलम २२६ खाली त्याला जाब विचारता येतो. सहकारी गृहनिर्माण संस्था सर्वसाधारणपणे 'राज्य' होत नाही.

उलट कलम १९ संस्थेच्याच बाजूने वापरलं गेल्याचं उदाहरण आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा उपविधी (संस्थेचा स्वतःचा नियम) होता की सभासद पारशीच हवा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध धरला, आणि त्यात संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा, म्हणजे १९(१)(ग) चा आधार घेतला. मला स्वतःला तो निकाल पटत नाही. आडनाव ऐकून घर नाकारलं गेलेल्या कुणालाही विचारा. पण निकाल आहे.

तुमचा हिशेबाचा प्रश्न. तुम्ही सभासद असाल तर हिशेब बघायचा हक्क तुम्हाला आहेच, फक्त तो घटनेतून येत नाही, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधून येतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, दाद दिली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा. कंटाळवाणं काम आहे, पण व्हॉट्सॲपवर कलम १९ फेकण्यापेक्षा उपयोगी.

घाटमाथा

खटलेवालीताई, २०२३ च्या जानेवारीतला पाच न्यायमूर्तींचा निकाल विसरलात का? कलम १९ आणि २१ (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) चे हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील असं बहुमताने म्हटलंय की.

खटलेवाली

विसरले नाही, मुद्दाम पुढच्या प्रतिसादासाठी ठेवला होता :) कौशल किशोर खटला, चार विरुद्ध एक. वाक्य मोठं आहे, पण प्रत्यक्षात ते कसं राबवायचं याची घडी अजून बसलेली नाही. शेजाऱ्याविरुद्ध थेट रिट (हक्क बजावून देण्यासाठी वरच्या कोर्टात केलेला अर्ज) घेऊन गेलात तर बहुतेक वेळा कोर्ट विचारणारच, की दिवाणी दावा का नाही लावला?

खाजगी माणसांना थेट बांधणारी कलमं मात्र घटनेत पहिल्या दिवसापासून आहेत. १५(२): दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं इथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येत नाही. दुकान सरकारचं नसतं, तरी लागू. कलम १७: अस्पृश्यता नष्ट, ती कोणत्याही स्वरूपात पाळायला मनाई. इथे तर 'राज्य' हा शब्दच नाही, म्हणजे पाळणारा कोणीही असो. कलम २३: वेठबिगारी आणि माणसांचा व्यापार. कलम २४: चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत, धोक्याच्या कामात लावायचं नाही, मग मालक कोणीही असो.

सावित्रीकाठ

१५(२) चा उल्लेख आलाच आहे तर त्याचा दुसरा अर्धा भागही वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. ही यादी एखाद्या इंग्रज कायदेपंडिताच्या पुस्तकातून आलेली वाटत नाही. आमच्या महाडचं तळं डोळ्यांपुढे ठेवून ती वाचली की अंगावर येते.

क्रम बघा. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या हद्दीत तो मान्य केला. कागदावर हक्क तयार. तरी तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि परतणाऱ्या लोकांवर गावात हल्ले झाले. पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, त्याच्या आधी सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. म्हणणं असं की तळं सार्वजनिक नाही आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची अनादी काळापासूनची रूढी आहे.

हा दावा किती चालला असेल? खालचं कोर्ट, अपील, मग मुंबई उच्च न्यायालय. निकाल १७ मार्च १९३७. सत्याग्रहाला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी. आणि जिंकले ते कशावर? "माणूस म्हणून पाण्यावर हक्क आहे" असं कोर्टाने म्हटलं नाही, म्हणणार तरी कुठल्या कायद्यावर? वादींना ती रूढी अनादी असल्याचं सिद्ध करता आलं नाही, एवढ्यावर निकाल लागला. म्हणजे पुराव्याचा कागद जरा भक्कम असता तर रूढी जिंकली असती!

हे ज्या माणसाच्या अंगावरून गेलं तोच पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. म्हणून कलम १३ बघा. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्य, आणि त्या 'कायद्या'च्या व्याख्येत वटहुकूम, आदेश, उपविधी यांच्या जोडीला रूढी आणि परिपाठ हेही घातले आहेत. कायद्याचं बळ असलेली रूढीसुद्धा घटनेपुढे टिकत नाही. १९३७ साली हे वाक्य हाताशी असतं तर दावा पहिल्याच तारखेला निकाली निघाला असता.

कडुनिंब

सावित्रीकाठ, हे इतक्या सलग कधीच वाचलं नव्हतं. आम्हाला '२० मार्च, चवदार तळे' एवढी एक ओळ होती. दाव्याचं काय झालं हे कुणी सांगितलंच नाही.

पारावरचा

सगळं ठीक आहे. पण हक्क हक्क करणाऱ्यांनी कलम ५१(क) पण वाचावं. मूलभूत कर्तव्यं. आधी कर्तव्य करा मग हक्क मागा. सिग्नल तोडायचा, रस्त्यात थुंकायचं आणि वर हक्क पाहिजेत.

घाटमाथा

पारावरचा, थुंकणाऱ्याला दंड करा, माझी हरकत नाही. पण दंड भरला नाही म्हणून त्याला वकील न देता कोंडून ठेवायचं का? कर्तव्यं १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने आली, आणीबाणी चालू असताना. मूळ घटनेत नव्हती. दहा होती, २००२ मध्ये मुलांच्या शिक्षणाचं अकरावं जोडलं. ती कोर्टातून थेट बजावता येत नाहीत, आणि हक्क मिळायला कर्तव्यांची पूर्तता ही अट तर घटनेत कुठेच नाही. खुनाच्या आरोपीलाही कलम २२ लागू होतं.

पारावरचा

तेच तर दुखणं आहे.

घाटमाथा

दुखणं तुम्हाला पोलीस ठाण्यात नेईपर्यंतच वाटेल.

संपादक मंडळ

वैयक्तिक होऊ नका. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

उनाडटप्पू

कलम २२ वरून. माझ्या भाच्याला मध्यंतरी ठाण्यात 'चौकशीला' बोलावलं. मित्राच्या गाडीचं काहीतरी प्रकरण, याचा संबंध एवढाच की याने ती गाडी आदल्या दिवशी चालवली होती. सकाळी गेला तो रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवला. मोबाईल काढून घेतला. आम्ही विचारलं अटक आहे का, तर "अटक नाही, नुसतं बसवलंय." नुसतं बसवणं म्हणजे काय असतं कायद्यात?

खटलेवाली

कायद्यात 'नुसतं बसवणं' असं काही नसतं. एकतर माणूस उठून घरी जाऊ शकतो किंवा जाऊ शकत नाही. जाऊ शकत नसेल तर ती कोठडीच. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितलंय की अटक ठाणे अंमलदाराच्या नोंदीपासून सुरू होत नाही, माणसाची हालचाल रोखली त्या क्षणापासून होते. चोवीस तासांचा काटाही तिथूनच फिरायला लागतो.

जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच.

घटना काय म्हणते? कलम २२(१) आणि (२): अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगायची, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. त्यामुळे पोलिसांखेरीज दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेसमोर माणूस जिवंत आणि धडधाकट यावा लागतो. दंडाधिकाऱ्यापुढे नेलं की मारहाण झाली असेल तर तिथे सांगायचं. घाबरून गप्प बसतात पुष्कळ जण, आणि नंतर आमच्याकडे येऊन सांगतात.

'कारणं सांगायची' म्हणजे कशी यावर अलीकडे बरंच घडलं. मनी लाँडरिंगच्या खटल्यात २०२३ ला आणि यूएपीएच्या (दहशतवादविरोधी कायद्याच्या) खटल्यात २०२४ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कारणं लेखी द्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हा नियम सगळ्या गुन्ह्यांना लावला. कारणं लेखी, आणि अटक झालेल्या माणसाला कळणाऱ्या भाषेत. जागच्या जागी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी (कोठडी मागायला दंडाधिकाऱ्यापुढे) नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाही दिला तर अटक बेकायदा.

बाकीचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे (१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी). सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही. गरज नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस द्यायची. ही नोटीस आली की हजर व्हायचं, टाळाटाळ करायची नाही, कारण नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव दिसलं पाहिजे, अटकेचा पंचनामा घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाच्या सहीने झाला पाहिजे, नातेवाईक किंवा मित्राला कळवलं पाहिजे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच तर महिला अधिकाऱ्याने आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. साक्षीदार म्हणून चौकशीला बोलवायचं असेल तर बायका, पंधरा वर्षांखालचे मुलगे, साठीपुढचे पुरुष यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं.

यातलं बरंच १९९६ च्या डिसेंबरमधल्या डी. के. बसू निकालातून आलंय. बंगालमधल्या कोठडीमृत्यूंवरून सर्वोच्च न्यायालयाने सूचनांची यादीच दिली आणि ती ठाण्याच्या भिंतीवर लावायला सांगितली. कधी गेलात तर भिंत बघा.

भाच्याच्या बाबतीत: वेळा लिहून ठेवा, कोण अधिकारी होता, कोण कोण हजर होतं. ठाण्यात सीसीटीव्ही असायलाच हवा असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे, आणि चित्रण महिनोन्‌महिने जपून ठेवायला सांगितलंय. लेखी अर्ज करून ते जतन करायला सांगा. अर्जाला वेळ लावू नका, कॅमेरा 'नेमका त्याच दिवशी बंद' असण्याची परंपरा आहे.

उनाडटप्पू

धन्यवाद ताई. मोबाईलचा पासवर्ड मागितला होता. त्याने दिला. द्यायला हवा होता का?

खटलेवाली

कलम २०(३): आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. याच आधारावर २०१० मध्ये सक्तीची नार्को चाचणी (औषध देऊन बोलतं करणं) बंद झाली. पासवर्डबद्दल मात्र वेगवेगळ्या कोर्टांची वेगवेगळी मतं आहेत, सर्वोच्च न्यायालयाचा पक्का निकाल अजून यायचाय. भाचा आरोपी नव्हता. त्याने विचारायला हवं होतं, "कुठल्या कलमाखाली मागताय, लेखी द्याल का?" पण एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, समोर दोन फौजदार. मी त्याला दोष देणार नाही.

कडुनिंब

आणि ते कलम २२ उलटं फिरतं ते? पोटकलम ३ पासून म्हणतं की हे सगळं प्रतिबंधक स्थानबद्धतेला लागू नाही. हे घटनेतच कसं काय?

घाटमाथा

घटनेतच आहे, तेही 'मूलभूत हक्क' या मथळ्याखाली. शांततेच्या काळातही विनाखटला स्थानबद्धतेला घटनेत जागा करून देणारे देश फार नाहीत. फाळणी, तेलंगणातला सशस्त्र उठाव, साठेबाजी अशी त्या वेळची कारणं होती, पण तरतूद कायमची राहिली. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळापुढे जावं लागतं, एवढाच अडसर. आपल्याकडे रोजच्या बातमीत दिसतं ते 'एमपीडीए'. महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा, मूळचा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थवाले यांच्यासाठी. पुढे त्यात वाळूतस्कर, काळाबाजारवाले भरत गेले. वर्षभर आत ठेवता येतं, गुन्हा सिद्ध करायची गरज नाही. उच्च न्यायालय यातले कितीतरी आदेश रद्द करतं, पण तोवर माणूस काही महिने आत काढून आलेला असतो.

त्याचा धाकटा भाऊ तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ५५ ते ५७, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. भारतभर मुक्तपणे फिरण्याचं १९(१)(घ) चं स्वातंत्र्य एका उपविभागीय अधिकाऱ्याच्या किंवा पोलीस उपायुक्ताच्या सहीने गोठतं. जालन्याच्या एका प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खडसावलंय की हा असाधारण उपाय आहे, ऊठसूट वापरायचा नाही. त्या माणसाची तक्रार होती की आमदाराशी वैर म्हणून तडीपार केलं. निवडणूक आली की तडीपारीच्या याद्या कशा लांबतात ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको.

पारावरचा

आमच्या गल्लीतला दादा तडीपार झाला तेव्हा बायकांनी पेढे वाटले होते. तुम्हाला कागदावरचं स्वातंत्र्य दिसतं, आम्हाला त्याचा कोयता दिसायचा. साक्ष द्यायला कोण जाणार?

घाटमाथा

हा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. साक्षीदार पुढे येत नाहीत म्हणूनच तो कायदा आहे. माझं म्हणणं एवढंच की तीच सही उद्या तुमच्या गल्लीतल्या पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्यावरही चालते.

निवृत्त मास्तर

आणीबाणीचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. मी तेव्हा कॉलेजात होतो. 'मिसा' या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत टाकलेल्यांनी ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत देहोपस्थितीचे (हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढे आणा असे) अर्ज केले. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी ते ऐकून घेता येतील असं म्हटलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ एप्रिल १९७६, एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल. पाचांपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले, आणीबाणीत कलम २१ स्थगित आहे, दाद मागता येणार नाही. सुनावणीत न्या. खन्ना यांनी विचारलं होतं की पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तरी दाद नाही का? सरकारच्या वकिलाला 'आणीबाणी आहे तोवर नाही' असंच उत्तर द्यावं लागलं. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला.

त्या चार जणांत आपले यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरवणाऱ्या नऊ न्यायमूर्तींच्या पुट्टस्वामी निकालात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं की जबलपूरचा निकाल गंभीररीत्या सदोष होता. वडिलांचा निकाल मुलाने पुसला.

पण खरी दुरुस्ती त्याआधीच झाली होती. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरवलं की आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत. त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून ३००(क) मध्ये नेला. शेतकऱ्यांच्या पोरांना हे ठाऊक नसतं, भूसंपादनाची नोटीस आल्यावर "आमचा मूलभूत हक्क" म्हणतात.

तिरकस

मास्तर, मग मतदानाचा हक्क तरी मूलभूत आहे ना? की तोही हलवला?

निवृत्त मास्तर

तो भाग तीनमध्ये कधी नव्हताच. कलम ३२६ आणि लोकप्रतिनिधित्वाचे कायदे. परीक्षेत हा प्रश्न घातला की वर्गातले निम्मे पडायचे.

आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत नसला म्हणजे सरकारने वाटेल ते करावं असंही नाही हो. हिमाचलमधल्या एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली, मोबदला नाही. सरकार म्हणालं, इतकी वर्षं आमच्या ताब्यात आहे म्हणजे आमचीच झाली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते धुडकावलं आणि मोबदला द्यायला लावला. बाई तोवर ऐंशीच्या झाल्या होत्या.

सावित्रीकाठ

यावरून मुंबईचा ओल्गा टेलिस खटला आठवला. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवरच्या लोकांना उचलून हद्दपार करायचं ठरलं. १९८५ मध्ये कोर्टाने म्हटलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग, कलम २१. भाषणांत हे वाक्य सगळे वापरतात. त्याच निकालात पालिकेचा झोपड्या हटवायचा अधिकार मान्य केला आणि पावसाळा संपेपर्यंत थांबा असं सांगितलं, हे कोणी सांगत नाही. हक्क जिंकला, माणसं उठली.

कडुनिंब

अभिव्यक्तीबद्दल अजून एक. १९(२) मधले निर्बंध मूळचेच की नंतरचे?

खटलेवाली

काही मूळचे, काही नंतरचे. मुंबईत छापलं जाणारं 'क्रॉस रोड्स' हे डाव्या विचारांचं साप्ताहिक मद्रास सरकारने आपल्या हद्दीत बंद केलं. रोमेश थापर कोर्टात गेले आणि मे १९५० मध्ये जिंकले, कारण तेव्हाच्या १९(२) मध्ये 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारणच नव्हतं. मग १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने ते घातलं, परराष्ट्रांशी मैत्री आणि गुन्ह्याला चिथावणी हीही कारणं आली. त्याच वेळी निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत हा शब्दही आला, आणि गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षं वकिलांची चूल त्या शब्दावर पेटते. 'सार्वभौमत्व आणि एकात्मता' १९६३ मध्ये.

आठवत असेल, नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर बंदबद्दल लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६(अ). त्यावरून याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' हे १९(२) मध्ये कुठेच बसत नाही, असं स्पष्ट म्हटलं. गंमत पुढे आहे. कलम मेलं तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले. २०२१ मध्ये न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केलं, २०२२ मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला. दिल्लीचा निकाल गावच्या ठाण्यात पोचायला सात वर्षं.

सांगलीकर

बराच वेळ वाचतोय. सगळे निकाल दिल्ली-मुंबईचे. साध्या माणसाने जायचं कुठे? कलम ३२ म्हणजे घटनेचा आत्मा वगैरे स्टेटसला वाचतो, दिल्लीला जाणं परवडतं का?

खटलेवाली

बाबासाहेबांचं ते वाक्य ९ डिसेंबर १९४८ चं, आणि बरोबरच आहे. पण आज कलम ३२ घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात गेलात तर बहुधा "आधी उच्च न्यायालयात जा" असंच ऐकाल. तुमच्या कामाचं कलम २२६. ते ३२ पेक्षा रुंद आहे, मूलभूत हक्कांखेरीज इतर कायदेशीर हक्कांसाठीही चालतं. आणि तुम्हाला आता मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग.

वकिलाचा खर्च: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. फोन १५१००. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्नाची अट नाही. मिळणारा वकील कसा निघेल हे नशीब. काही फार मन लावून काम करतात.

सांगलीकर

अपंग भावाला तडीपारीची नोटीस आली आहे, म्हणून विचारलं. आदेश अजून झालेला नाही.

खटलेवाली

मग आज रात्रीच सुरुवात करा. नोटिशीत आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप लिहिलेलं असायलाच हवं, नुसतं 'दहशत आहे' चालत नाही. लेखी उत्तर द्या, साक्षीदार तपासायचा हक्क आहे, वकील उभा करता येतो. जुन्या गुन्ह्यांच्या तारखा नीट बघा, पाच-सात वर्षांपूर्वीचे घातले असतील तर तो तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा. आदेश झालाच तर शासनाकडे अपिलाला तीस दिवस, त्यानंतर २२६. नोटीस नाव-पत्ता झाकून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघते.